कढीपत्त्याला पाणी नको

माधवी,

तुझा कढीपत्ता मरायला टेकला होता, हे आधी सांगते. बाकीच्या बातम्या तुला कळल्या असतील-नसतील, पण ही कुणी सांगितली नसणार, कारण जो सांगू शकला असता तोच त्याला मारत होता. तुझा नवरा, अविनाश. त्याला ते ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं आणि मी बरेच दिवस गप्प बसले. मी आणि गप्प. तू असतीस तर माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला असतास.

तू गेल्यापासून मला काही होत नाहीये, हेही सांगून टाकते. रडू येत नाही. झोप लागते. वेळ झाली की जेवते. सकाळी ट्राम पकडून ऑफिसला जाते, मीटिंगमध्ये माझी पाळी आली की बोलते, आणि लोक माना डोलावतात म्हणजे बरोबरच बोलत असणार. सुहास मधूनच माझ्याकडे बघतो आणि चहा करून आणतो. नवऱ्याने न सांगता चहा करावा इतकं माझ्या तोंडावर काय दिसतंय, ते मला आरशात दिसत नाही. दातांच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल बधिर होतो ना, तसं आहे. गाल जागेवर असतो, आपलाच असतो, फक्त चावला गेला तरी पत्ता लागत नाही.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर चार ओळी लिही म्हणाले. शिक्षण, नोकरी, मनमिळाऊ स्वभाव. तू मनमिळाऊ नव्हतीस. तू चांगली होतीस, ते वेगळं. मी त्यांना जमणार नाही म्हणून कळवलं आणि हे लिहायला बसले. हे कुठल्या अंकात जाणार नाही, तेव्हा मनासारखं लिहिते.

आपण दोघी नवऱ्यांच्या नोकऱ्यांमागे हॉलंडमध्ये, झूटरमेरला आलो, एकाच इमारतीत, तू चौथ्या मजल्यावर आणि मी दुसऱ्या. आपण पहिल्यांदा लिफ्टमध्ये भेटलो तेव्हा तुझ्या हातात हेच झाड होतं. वीतभर. हेगच्या बाजारात कुणा श्रीलंकन माणसाकडून घेतलेलं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, आणि थंडी लागू नये म्हणून तू ते कोटाच्या आत धरलं होतंस. माझ्या गळ्यातलं मंगळसूत्र बघून तू म्हणालीस, "मराठी ना? मग आत्ताच सांगते, पानं मागायला येऊ नका. याला वाढायला वेळ लागणार आहे." नाव नाही, गाव नाही, आधी कढीपत्ता. मी घरी येऊन सुहासला सांगितलं की वर एक खडूस बाई राहायला आली आहे.

झाड वाढलं. पार अविनाशच्या खांद्याला लागलं. दक्षिणेकडच्या खिडकीत उभं असायचं आणि गणपतीत तुझ्याकडे आरतीला आलेल्या बायका आधी खिडकीकडे बघायच्या, मग मखराकडे. त्यांचाही दोष नाही. इथे दुकानात मिळतो तो कढीपत्ता पिशवीतच काळवंडलेला असतो, फोडणीत टाकला तरी वास येईल याची खात्री नाही. तुझ्याकडे मात्र डहाळी मोडली की जिन्यापर्यंत वास. मुळाशी फुटवे यायचे ते तू वेगळे करून वाढवायचीस आणि रोपं लोकांना वाटायचीस. एक जोडपं आर्नहेमला राहायला गेलं, त्यांना दिलंस. ती बाई आगगाडीत ते रोप मांडीवर घेऊन बसली होती म्हणे. पार सगळ्यांना दिलंस. मला दिलं नाहीस.

हे मी अजून विसरलेले नाही, आणि तू मेलीस म्हणून विसरणारही नाही. "तुला नाही देणार, तू पाणी घालून घालून मारशील." चारचौघांत बोललीस. मला राग आला, पण ते खोटंही नव्हतं, माझ्या घरातली झाडं तशीच गेली होती. मी चिंचवडची. आमच्या परसात कढीपत्ता होता आणि आई त्याला जे हाताला लागेल ते घालायची. तांदळाचं धुवण, डाळीचं धुवण, आंबट झालेलं ताक. झाड फोफावलेलं असायचं. मी इथे तेच केलं. तुझं म्हणणं की चिंचवडला खाली जमीन आहे आणि वर ऊन आहे, आणि इथे खाली हीटर आहे आणि वर ढग. इथे थंडीत कढीपत्ता झोपतो. झोपलेल्या माणसाच्या तोंडात कुणी ताक ओततं का, असं तू मला विचारलं होतंस.

तुझं पाणी घालायचं तंत्र सातेच्या काडीवर चालायचं. सुपरमार्केटात मांसाचे तुकडे ओवायला मिळतात त्या बांबूच्या काड्या. घरात मांस शिजत नाही आणि काड्यांचं पाकीट कायम स्वयंपाकघरात. काडी मातीत खोल खुपसायची, थोडा वेळ ठेवायची, काढून बघायची. ओली निघाली की झाडाकडे पाठ फिरवून निघून जायचं. अगदी कोरडी निघाली तरच पाणी, आणि तेही कुंडी बाहेर काढून सिंकमध्ये, सगळं निथळू देऊन. पानं पिवळी पडली तरी तू ढिम्म. "अगं, मरतंय ते," मी म्हणायचे. तू म्हणायचीस, "मरत नाहीये, नको म्हणतंय."

या "नको"वरून आपलं जितकं भांडण झालं तितकं दुसऱ्या कशावरून झालं नसेल. पहिल्यांदा तुझ्याकडे जेवायला आले तेव्हा तू एकदा विचारलंस, आणखी भात? मी रीतीप्रमाणे नको म्हटलं. तू पातेलं उचलून आत घेऊन गेलीस. मी अर्धपोटी घरी आले आणि उभ्या उभ्या पाव खाल्ला. पुढे तू डच शिकून पाळणाघरात नोकरीला लागलीस, मग तर बघायलाच नको. तिथे म्हणे दीड वर्षाचं पोर नको म्हणालं की त्याच्यापुढची ताटली काढून घेतात, कुणी त्याच्यामागे घास घेऊन धावत नाही. तू मला ते इतक्या कौतुकाने सांगितलंस. मी म्हटलं, आपल्याकडे नको म्हटल्यावर वाढतात, त्याला माया म्हणतात. तू म्हणालीस, त्याला न ऐकणं म्हणतात. ते भांडण आपण शेवटपर्यंत मिटवलं नाही. मिटवायची गरजही नव्हती, चांगलं चाललं होतं.

मग तू आजारी पडलीस आणि मी रोज वर यायला लागले. डबा घेऊन, मासिकं घेऊन, कधी नुसतीच. एकदा तू अंगावरची शाल सारखी करत म्हणालीस, "नंदिनी, रोज येऊ नकोस. मी काही सुकत नाहीये." आपण दोघी हसलो. मी तुझं ऐकलं. एक दिवस सोडून यायला लागले, मग तुझ्या केमोच्या दिवसांत आणखी कमी. मी खालच्या मजल्यावर स्वयंपाक करत असायचे आणि डोक्यावर दोन मजले सोडून तू असायचीस. आता एवढंच विचारायचं राहिलं आहे की ते "नको" कुठलं होतं. तुझ्या पाळणाघरातलं, की आपल्याकडचं? मी बरोबर ऐकलं की नाही? तू हे सांगून जायला हवं होतंस. सगळ्या गोष्टी स्पष्ट सांगणारी बाई, आणि नेमकं हे सांगितलं नाहीस.

आता ते पाणी कसं सुरू झालं ते सांगते. तुझी लेक ईशा टिलबर्गहून सामान घेऊन आली होती. पुण्याचे गुरुजी व्हिडिओ कॉलवर होते. त्यांनी सांगितलं की दहा दिवस दिवा ठेवा, शेजारी पाण्याचं भांडं ठेवा, रोज सकाळी पाणी बदला आणि आदलं पाणी पायाखाली येणार नाही अशा ठिकाणी, झाडाच्या मुळाशी घाला. "दाराशी एखादं झाड असेल ना?" त्यांनी विचारलं. अविनाश म्हणाला, "आहे." आणि त्याने फोन वळवून कढीपत्ता दाखवला. गुरुजी म्हणाले, उत्तम. मी मागे उभी होते. बाल्कनीतल्या कुंड्यांची माती दगडासारखी गोठली होती, खाली रस्त्यावर मीठ टाकलेलं, तेव्हा मलाही ते बरंच वाटलं.

भांडं म्हणजे तुझं फुलपात्र, तुझ्या आईने नाव घालून दिलेलं. अविनाश रोज सकाळी अंघोळ करून ते घासायचा, भरायचा आणि आदल्या दिवसाचं पाणी झाडाला घालायचा. तुला माहीत आहे तो कसा आहे. त्याला एक काम नेमून दिलं की तो ते करतो, का आणि कधीपर्यंत हे विचारत नाही. तू त्याला कचऱ्याचे डबे खाली न्यायला सांगितलंस तर तो सुट्टीवर असतानाही मला फोन करून आठवण करून द्यायचा. दहा दिवस झाले, दिवा उचलला, ईशा परत गेली, लोक यायचे थांबले. फुलपात्र तुझ्या फोटोपुढे राहिलं. पाणी चालू राहिलं.

मी दर दोन-तीन दिवसांनी डबा घेऊन जात होते. फ्रिज उघडला की आधीचे डबे तसेच. माझेच नव्हे, अख्ख्या मंडळाचे. अविनाश म्हणायचा नको, आणि आम्ही सगळे वाढत होतो. तो सोफ्याच्या कडेला बसायचा, लॅपटॉप उघडा, स्क्रीन काळी. ऑफिसने सुट्टी वाढवून दिली होती. दिवसभरात तो एकच गोष्ट करायचा, सकाळचं पाणी. ते झालं की दिवस संपला.

झाड खालून पिवळं पडायला लागलं. थंडीत पडतंच, म्हणून आधी दुर्लक्ष केलं. मग वरची पानंही लोंबायला लागली, हात लावला की देठासकट गळून यायची. कुंडीभोवती बारीक चिलटं उडत होती. आणि वास. कुजलेल्या पाल्याचा, ओल्या फडक्याचा. आलेल्या बायका नाकाला पदर, म्हणजे स्कार्फ, लावून म्हणायच्या, "झाडाला पण कळतं हो. माधवीचा लळा होता त्याला." अविनाश मान हलवायचा. एकीने तर तुझ्या झाडापाशी उभं राहून डोळे पुसले. माझ्या तोंडावर आलं होतं की बाई, हे दुःखाने वाळत नाहीये, ते बुडतंय. बाहेरच्या त्या शोभेच्या कुंडीला भोक नाही. इथल्या लोकांना लाकडी जमिनीवर थेंब सांडलेला चालत नाही म्हणून सगळ्या कुंड्या अशा बिनभोकाच्या. माधवी दर वेळी आतली कुंडी उचलून सिंकमध्ये न्यायची, हा माणूस वरून ओततोय, आणि सगळं तळाशी साचतंय. इतकं सगळं तोंडावर आलं होतं आणि मी डबा ठेवून खाली आले.

का गप्प बसले ते ऐक. त्या माणसाकडे दिवसभरात करायला तेवढं एकच होतं. ते तुझं पाणी होतं. त्याला सांगायचं की तू रोज जे तिच्या नावाने घालतोस त्याने तिचं झाड सडतंय? आणि नाही सांगावं तर झाड जाणार, आणि मग तो म्हणणार की तेही मला सांभाळता आलं नाही. कुठूनही गेलं तरी मार त्यालाच. मी ऑफिसात दहा लोकांना तोंडावर सांगते की तुमचं काम चुकलंय, आणि इथे माझी जीभ उचलत नव्हती.

ईशाचा फोन आला तेव्हा मी ट्राममध्ये होते. म्हणाली, "मावशी, बाबा नीट जेवत नाहीये. आणि तो म्हणतो, आईचं झाड इज डाइंग टू. असं का म्हणतो तो?" ती रडत होती. मी तिला म्हटलं, झाड मरत नाहीये, तू अभ्यास कर. फोन ठेवला आणि लक्षात आलं की आता माझ्या तोंडून शब्द गेला आहे, आता तो खरा करावा लागणार.

रविवारी सकाळी मुद्दाम त्याच्या पाण्याच्या वेळेला वर गेले. अविनाशने दार उघडलं, तुझं फुलपात्र त्याच्या हातातच होतं. मी चप्पल काढेपर्यंत तो खिडकीशी जाऊन पोचला होता. झाडावर मोजकी पानं उरली होती. त्याने हात पुढे केला आणि मी म्हटलं, "अविनाश, थांब. त्याला पाणी नको."

तो थांबला. मी म्हटलं, मुळं सडली आहेत, पाणी जास्त झालंय. मी सातेच्या काड्यांचं पाकीट शोधून आणलं, एक काडी मातीत खुपसली, काढली आणि त्याला दाखवली. अर्धी काळी, चिखल लागलेली. त्याने ती हातात घेतली, वास घेतला आणि हळूच म्हणाला, "म्हणजे मी केलं हे." मला वाटलं होतं तेच. मी म्हटलं, तू नाही, पाण्याने केलं. हे काही मोठं सांत्वन नव्हतं, पण मला तेवढंच सुचलं.

पुढचं मला येत होतं, कारण मी तुझ्याकडेच बघितलं होतं. तुझ्या पाळणाघरातल्या बाईचं कुठलंसं झाड तू घरी आणून वाचवलं होतंस, तेव्हा मी वर्तमानपत्र धरून बसले होते आणि तू कात्री चालवत होतीस. किती कापतेस म्हणून मी ओरडले होते. "सडलेलं ठेवून काय करू?" तू म्हणाली होतीस. मी अविनाशला जुनी वर्तमानपत्रं मागितली. त्याने जमिनीवर नीट पसरली, कडेला कड लावून. आतली कुंडी उचलली तर खालच्या शोभेच्या कुंडीत हाताच्या ओंजळीपेक्षा जास्त पाणी. काळं. सगळ्या खोलीत वास पसरला. मी खिडकी उघडली, थंड वारा आत आला, आणि तुझा नवरा हातमोजेसुद्धा न घालता ते पाणी न्हाणीघरात ओतून आला.

झाड बाहेर काढलं, माती झटकली. बरीच मुळं काळी, चिमटीत धरली की साल निघून हातात यायची आणि आत नुसता दोरा राहायचा. मी कात्री त्याच्या हातात दिली. उकळत्या पाण्यातून काढलेली. मी म्हटलं, काळं आणि मऊ ते सगळं काप, पांढरं आणि कडक ते ठेव. तो सावकाश कापायला लागला, प्रत्येक मूळ बोटाने चाचपून, तुझ्यासारखंच. कापून झालं तेव्हा मुळांचा जुडगा मुठीत मावेल एवढा उरला होता. वरच्या फांद्याही छाटाव्या लागल्या, एवढ्याशा मुळांना एवढं मोठं झाड पोसवणार नाही. अविनाशच्या खांद्याला लागणारं झाड आमच्या गुडघ्यापाशी आलं.

एक फुटवा मात्र चांगला होता. बाजूला, स्वतःची पांढरी मुळं असलेला, तीन पानं घेऊन. अविनाशने तो वेगळा केला, कागदाच्या तुकड्यात गुंडाळला आणि माझ्यापुढे धरला. "तू घेऊन जा." माधवी, इतकी वर्षं मी ज्याच्यासाठी तुझ्याशी भांडले ते रोप माझ्यापुढे होतं आणि अडवायला तू नव्हतीस. मी म्हटलं, "नको. तिने नाही म्हटलंय." त्याला वाटलं मी रीत म्हणून म्हणते, त्याने पुन्हा पुढे केलं. मी पुन्हा नको म्हटलं. मग त्याला कळलं, आणि तो हसला. म्हणजे तोंडाची एक बाजू हलली. तू गेल्यानंतरचं पहिलंच. तो फुटवा आता ईशासाठी ठेवला आहे, तिला तुझी शिस्त आहे.

पर्लाइटचे पांढरे हलके दाणे मिसळलेली भुसभुशीत माती मी आदल्या दिवशीच आणून ठेवली होती, आणि मातीची कुंडी, भोकाची, लहानशी. झाड लावलं. हीटरपासून लांब, पण उजेडात ठेवलं. अविनाशने विचारलं, आता पाणी कधी? मी म्हटलं, आता नाही. किती दिवस? मी म्हटलं, काडी कोरडी निघेपर्यंत. त्याला तारीख हवी होती. तारीख नाही म्हटल्यावर तो अस्वस्थ झाला. काही करायचं नाही, ही गोष्ट त्याच्या डोक्यात बसत नव्हती. माझ्याही कुठे बसली होती इतकी वर्षं.

आम्ही हात धुतले. वर्तमानपत्रं गुंडाळून कचऱ्यात टाकली. मी निघायच्या बेतात होते, तर तो टेबलापाशी उभा. तुझं फुलपात्र तसंच भरलेलं. आदल्या दिवसापासूनचं पाणी, त्याने ते झाडाला घालायला उचललं होतं आणि मी अडवलं होतं. त्याने ते हातात घेतलं आणि मला विचारलं, "मग हे कुठे ओतू?"

मी सिंककडे बघितलं. तो म्हणाला, "सिंकमध्ये ओतवत नाही, नंदिनी."

माझ्याकडे मुळांचं उत्तर होतं, मातीचं होतं, कुंडीचं होतं. खाली जा, एखाद्या झाडाला घाल, असं सांगता आलं असतं. पण खाली सगळं गोठलेलं, आणि तो माणूस त्या फुलपात्रावर दोन्ही हात ठेवून उभा होता. फुलपात्रावर तुझं नाव. मला इतका राग आला, माधवी. त्याच्यावर नाही, झाडावर नाही. तुझ्यावर. सगळ्यांना नको-नको करत निघून गेलीस आणि तुझं पाणी आमच्या हातात ठेवून गेलीस. मी त्याच्या हातातून ते घेतलं, तोंडाला लावलं आणि पिऊन टाकलं. सगळं. रात्रभर उघडं राहिलेलं, गार, धातूचा वास येणारं पाणी.

असलं पाणी पीत नाहीत, मला माहीत आहे. माझ्या आईला कळलं तर ती माझी दृष्ट काढेल आणि वर चार शब्द सुनावेल. अविनाश बघत राहिला. मी तोंड पुसलं आणि रिकामं फुलपात्र त्याच्यापुढे ठेवलं. त्याने ते घासलं, भरलं आणि तुझ्या फोटोपुढे ठेवलं. मग म्हणाला, "उद्या?"

मी म्हटलं, येते.

म्हणून मग रोज यायला लागले. ऑफिसला जायच्या आधी, कोट घालून, पाठीवर लॅपटॉपची बॅग. तो दार उघडतो, फुलपात्र देतो, मी उभ्या उभ्या पिते आणि लिफ्ट पकडते. दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. सुहासला सांगितलं तेव्हा तो माझा डबा भरत राहिला. अविनाश काडी दाखवतो, मी मान हलवते. ओली असली की दोघंही झाडाकडे पाठ फिरवतो. मध्ये एकदा कोरडी निघाली तर त्याने सिंकमध्ये नेऊन पाणी घातलं आणि निथळेपर्यंत शेजारी उभा राहिला. झाडाला अजून एक पान आलेलं नाही. नखाने थोडं खरवडून बघितलं, आत हिरवं आहे. तू म्हणायचीस की हिरवं आहे म्हणजे जगेलच असं नाही. तेव्हा आम्ही कुणालाच काही सांगत नाही, ईशालासुद्धा.

या दिवसांत मी तुझ्यासाठी पाणी पीत होते, आणि मला काही वाटत नव्हतं. खोटं कशाला सांगू. गाल बधिरच होता. तुझं नाव बोटाखाली लागायचं, पाणी घशातून जायचं, लिफ्ट यायची.

काल गेले तर तुझ्या फोटोपुढे काही नव्हतं. फोटो पुसलेला होता, समोरची जागा रिकामी. मी दारातच थांबले. मला वाटलं, तो विसरला, आणि मग वाटलं, बरं झालं. अविनाश स्वयंपाकघरातून आला. ऑफिसचा शर्ट घातलेला, इस्त्रीचा. टेबलावर दोन भांडी होती. एक तुझं फुलपात्र आणि एक त्याचा रोजचा काचेचा पेला, दोन्ही आत्ता नळाखाली भरलेली, बाहेरून दव धरलेली. त्याने खुर्ची ओढली आणि बसला. मला बस म्हणाला नाही, घे म्हणाला नाही. पेला उचलून पाणी प्यायला.

मी बॅग खाली ठेवली आणि बसले. फुलपात्र उचललं. तुझ्या नावाने प्यायचं म्हणून नाही, त्याला बरं वाटावं म्हणून नाही. माझा घसा कोरडा पडला होता आणि मला तहान लागली होती, म्हणून प्यायले.